कमरेतल्या सुईवरचं खापर

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की घरात जी सभा भरते, तिचे विषय ठरलेले असतात. सर्जन कोण, गुडघा कुठल्या कंपनीचा, देशी की परदेशी, मेडिक्लेम किती देणार, पुण्याला न्यायचं की इथेच करायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कर सोडून ५४ हजारांच्या घरात बांधून दिली. तेव्हापासून तर धातूवर बोलायला प्रत्येक जण तयार. एवढ्या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा निघत नाही : ऑपरेशनच्या पहिल्या रात्री दुखेल, त्याचं काय करणार आहात? प्रश्न निघत नाही, पण उत्तर हजर असतं. "काहीही करा, पण कमरेत इंजेक्शन घेऊ नका." हा सल्ला देणाऱ्याला त्या इंजेक्शनात काय असतं, किती असतं आणि ते नेमकं कुठे जातं, हे ठाऊक असण्याची गरज कुणालाच वाटत नाही. धातूबद्दल एवढे चोखंदळ असलेले आपण वेदनेच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर इतके निवांत कसे राहतो?

आधी या सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच जोरात मांडू या. मणक्यात सुई गेली की कंबर कायमची गेली, हवं तर सिझेरियन झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. सुई जरा इकडची तिकडे झाली की माणूस पांगळा. वर त्यात मॉर्फिन घालतात, म्हणजे अफूच की! उद्या सवय लागली तर? म्हाताऱ्या माणसाचा झोपेत श्वासच थांबला तर? आणि एवढा धोका पत्करून मिळवायचं काय, तर एका दिवसाचा आराम. ऑपरेशन म्हटलं की दुखणारच, बाळंतपणं सोसली तिथे हे काय. त्यापेक्षा सरळ पूर्ण भूल द्या, मग सलाईनमधून वेदनाशामक सोडा, प्रश्न मिटला. याची एक सुशिक्षित आवृत्तीही हल्ली कानावर येते : आता ठरावीक नस बधिर करणारे 'ब्लॉक' निघालेत, मणक्यातलं मॉर्फिन जुनाट झालं. ऐकायला हे सगळं एकसंध वाटतं. एकेक कडी हातात घेतली की साखळी सुटू लागते.

पहिला घोटाळा भाषेचा आहे. आपण म्हणतो, 'वाटी बदलली'. जणू डब्याचं झाकण बदललं. प्रत्यक्षात ज्या वाटीच्या नावाने हे ऑपरेशन ओळखलं जातं ती बऱ्याचदा जागेवरच राहते. करवतीने कापली जातात ती मांडीच्या हाडाची आणि नडगीच्या हाडाची टोकं. त्यांवर धातू बसतो, मध्ये पॉलिएथिलीनची चकती येते. हाडाचं आवरण आणि मज्जा वेदनेच्या तंतूंनी भरलेली असते, म्हणून भूल उतरल्यावर ठणकणाऱ्या ऑपरेशनांत याचा नंबर बराच वर लागतो. आणि याच ऑपरेशनाची विचित्र अट अशी की कापलेला भाग निवांत पडू द्यायचा नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उभं राहायचं, गुडघा वाकवायचा, चार पावलं टाकायची. दुखतं म्हणून जो गुडघा वाकवला जात नाही तो आखडतो. मग काही आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवावा लागतो. जो पाय हलत नाही त्यात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. तेव्हा या ऑपरेशनात वेदना आटोक्यात ठेवणं ही लाडाकोडाची सोय समजू नका. बसवलेला गुडघा चालणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

आता ती सुई. कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी मणक्यांमधून जे औषध देतात त्याला आपण 'स्पायनल' म्हणतो. त्यात साधारण दोन-तीन मिलिलिटर ब्युपिव्हाकेन असतं आणि त्याचा अंमल काही तासांत उतरतो. त्याच सुईतून, त्याच वेळी, मॉर्फिनचा एक थेंब सोडता येतो. वेगळी टोचणी नाही, वेगळी जागा नाही. हे मॉर्फिन मेंदूकडे धावत नाही. ते मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे पायाकडून आलेला वेदनेचा निरोप पुढे पाठवला जातो, तिथेच तो निरोप अडवतं. शरीरात अफूवर्गीय औषधांसाठी स्वतंत्र ग्राही असतात हे १९७३ मध्ये दाखवलं गेलं, मज्जारज्जूतही ते आहेत हे लक्षात आलं आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना मणक्यातून मॉर्फिन देऊन तासन्‌तास वेदना थांबवून दाखवली. गुडघ्यासाठी आज दिली जाणारी मात्रा साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त. हेच औषध दंडात टोचायचं तर दहा मिलिग्रॅम लागतं. शंभरपट कमी औषध, अंमल मात्र अठरा ते चोवीस तास. 'भारी औषध' म्हणून घाबरायचंच असेल तर दोहोंपैकी कुठल्याला घाबरायला हवं?

कंबरदुखीचा आरोप सर्वांत लोकप्रिय, म्हणून तो जरा सावकाश पाहू. या आरोपाची साक्षीदार ठरलेली आहे : सिझेरियन झालेली बाई. तिची कंबर दुखते हे शंभर टक्के खरं. पण नऊ महिने पोटाचा भार वाहिलेली, त्या काळात सैल झालेल्या सांध्यांनिशी चाललेली, नंतर दिवसातून वीस वेळा वाकून बाळ उचलणारी कंबर दुखण्यासाठी सुईची गरज काय? ब्रिटनमध्ये प्रसूतीसाठी आलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटाला एपिड्यूरल, म्हणजे मणक्याजवळ ठेवलेल्या बारीक नळीतून भूल, दिली गेली, दुसऱ्याला वेगळा उपाय. पुढच्या काळात कंबरदुखीचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. स्पायनलची सुई जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीची असते. रक्त तपासायला आपण ज्या सुईने रक्त देतो ती तिच्याहून जाड असते, तिने कुणाचा दंड जन्माचा दुखल्याचं ऐकिवात नाही. टोचल्या जागी चार-दोन दिवस हुळहुळतं, एवढं खरं. गुडघ्याच्या रुग्णाची गोष्ट तर आणखी सरळ आहे. साठी ओलांडलेला माणूस पाच-सात वर्षं एका बाजूला कलून लंगडत असतो. त्याच्या कमरेचा एक्स-रे ऑपरेशनच्या आधी काढून पाहावा. खापर फोडायला सुई मिळाली नसती, तर ते कुणाच्या माथी फोडलं असतं?

पांगळेपणाची भीती मात्र हवेतून आलेली नाही. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाने स्पायनल दिलेले वूली आणि रो नावाचे दोन रुग्ण कमरेखाली कायमचे लुळे पडले. १९५३ मध्ये खटला उभा राहिला. काचेच्या कुप्या ज्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत, ते फिनॉल न दिसणाऱ्या तड्यांतून आत गेलं असावं, हे स्पष्टीकरण तेव्हा ग्राह्य धरलं गेलं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की सिरिंज उकळायच्या भांड्यातला क्षार काढायला वापरलेलं आम्ल हे अधिक संभवनीय कारण आहे. कारण कुठलंही धरा, दोषी सुई नव्हती. तिला चिकटून गेलेलं रसायन होतं. तरी ब्रिटनमध्ये स्पायनलची बदनामी कित्येक वर्षं पुरली. आज सुया एकदाच वापरायच्या, पाकीटबंद येतात. आणि 'सुई मज्जारज्जूत घुसते' या कल्पनेला शरीररचनेचंच उत्तर आहे : प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई टोचतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे असते ती पाण्यात तरंगणाऱ्या तंतूंची घोड्याच्या शेपटीसारखी जुडी. तरीही धोका शून्य आहे का? नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने वर्षभरातल्या सुमारे सात लाख अशा इंजेक्शनांचा हिशेब २००९ मध्ये मांडला. प्रत्येक शंकेचा कौल सुईच्या विरुद्ध दिला तरी कायमची इजा लाखात चारच्या आसपास, सुईच्या बाजूने दिला तर लाखात दोन. आणि त्यातही मोठा वाटा ऑपरेशनसाठी ठेवलेल्या एपिड्यूरलच्या नळ्यांचा, एकदाच दिलेल्या स्पायनलचा नव्हे. जी इजा खरोखर होते, तिची दोन ठळक कारणं म्हणजे मणक्यात साचलेलं रक्त आणि जंतुसंसर्ग. म्हणून तर भूलतज्ज्ञ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो, क्लोपिडोग्रेलसारखी गोळी पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतो. गंमत पाहा, पांगळेपणाच्या भीतीने सुईला नकार देणारं घर बरेचदा हीच गोळी सांगायला विसरतं.

डोकेदुखीचं एक राहिलं. ती होते, आणि तिचा पहिला नामांकित बळी या पद्धतीचा जनकच आहे. जर्मनीतल्या कील शहरात १८९८ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट बिअर या सर्जनने मणक्यात कोकेन देऊन पायाची ऑपरेशनं केली आणि मग स्वतःवरच प्रयोग करून घ्यायचं ठरवलं. सिरिंज सुईत नीट बसेना, मणक्यातलं पाणी वाहून गेलं, प्रयोग फसला. मग बिअरने आपल्या साहाय्यकाला टोचलं आणि भूल चढली की नाही हे पाहायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली. साहाय्यकाला तेव्हा काही कळलं नाही. रात्रीनंतर सगळं कळलं. दोघेही त्यानंतर डोकं धरून बसले, बिअर तर बरेच दिवस अंथरुणाला खिळला. जाड सुई आणि वाहून गेलेलं पाणी, हे कारण त्याने स्वतःच ओळखलं. तेव्हापासून सुया बारीक होत गेल्या, टोकं पेन्सिलीसारखी झाली, आणि ही डोकेदुखी तरुण बाळंतिणींना जितकी होते त्या मानाने वयस्कांना फारच कमी होते. गुडघ्याच्या रुग्णाने तिच्या धास्तीने मागे सरावं, असं तिच्यात काही उरलेलं नाही.

'पूर्ण भूल बरी' हा आग्रह तर कशाच्या आधारावर आहे, हेच कळत नाही. झोपलो, उठलो, काही कळलं नाही, एवढाच तो आधार. अमेरिकेतल्या ३ लाख ८० हजारांहून जास्त गुडघे आणि खुबेरोपणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये आला; त्यात मणक्याच्या भुलेखाली झालेल्या ऑपरेशनांनंतर महिनाभरातले मृत्यू पूर्ण भुलेपेक्षा कमी आढळले. नोंदींचा अभ्यास म्हणजे अखेरचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण उलट बाजूला पुरावा म्हणून काय आहे? शेजारच्या काकूंची कंबर!

अफूचं सोवळं हा स्वतंत्र विषय आहे. ज्या देशात मंदसौर-नीमचच्या शेतांत परवाना घेऊन खसखशीची बोंडं चिरली जातात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या चिकापासून औषधं बनतात, त्या देशातल्या रुग्णाला मॉर्फिन म्हणताच कापरं भरतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट करून सोडलं की अनेकांनी ते ठेवणंच बंद केलं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फिन, फेंटॅनिल वगैरे औषधांसाठी परवाना सोपा केला गेला, पण मनातला परवाना अजून मिळालेला नाही. व्यसन लागायला औषध पुन्हा पुन्हा, वाढत्या मात्रेत घ्यावं लागतं. एकदाच, भूलतज्ज्ञाच्या हातून, मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं मॉर्फिन घेऊन कुणाला चटक लागत नाही. उलट ज्याला हे नको असतं तो पुढे काय घेतो ते पाहा. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेतो, ज्या २०१८ मध्ये याच कायद्याखाली आल्या. छातीवर ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच चिकटवून आठवडाभर हिंडतो, तोही अफूच्याच गोतावळ्यातला. आणि ऑपरेशनच्या आधी वर्षानुवर्षं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या आणून मूत्रपिंडाची वाट लावलेली असते ती वेगळीच. तेव्हा कुठे गेलेलं असतं हे सोवळं?

श्वासाची भीती मात्र गांभीर्याने घ्यायची. मॉर्फिन पाण्यात रमणारं औषध आहे. ते मणक्यातल्या पाण्याबरोबर हळूहळू डोक्याकडे सरकतं आणि क्वचित कित्येक तासांनी, रुग्ण वॉर्डात गेल्यावर, श्वास मंदावू शकतो. लठ्ठ माणसांत, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणाऱ्यांत, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका जास्त. पण या भीतीचा उगम कुठल्या मात्रेत आहे? १९७९ च्या त्या पहिल्या रुग्णांना अर्धा ते एक मिलिग्रॅम दिलं होतं, आजच्या पाच ते दहापट. मात्रा उतरली, भीती उतरली नाही. आणि उपाय तरी किती अवघड आहे? अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी श्वास, ऑक्सिजन आणि गुंगी तपासा. एक नर्स, एक घड्याळ, बोटाला लावायचं यंत्र आणि कपाटात मॉर्फिनचा उतारा, नॅलोक्सोन. जे रुग्णालय म्हणतं की आमच्याकडे रात्री एवढं पाहायला माणूस नाही, ते मॉर्फिनबद्दल काहीच सांगत नाही. स्वतःच्या वॉर्डाबद्दल सांगतं. सत्तरीच्या माणसाची हाडं कापायची आणि रात्री त्याचे श्वास मोजायला कुणी ठेवायचं नाही, हे कुठल्याही औषधाखाली चालणार आहे का? दारावर 'वेदनारहित गुडघेरोपण' अशी पाटी लावणाऱ्यांना तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. खाज सुटते, मळमळतं, लघवी तुंबते, हेही होतं. तिन्हींवर साधे उपाय आहेत आणि नाक खाजवण्यापायी कुणाचा गुडघा आखडल्याचं उदाहरण नाही.

'एकाच दिवसाचा तर आराम' असं म्हणणाऱ्यांनी तो दिवस कोणता हे पाहावं. पहिले चोवीस तास म्हणजे तोच काळ, ज्यात रुग्णाला उभं करायचं असतं. भूल देणारं ब्युपिव्हाकेन पायाची ताकदही काढून घेतं. मांडीच्या मोठ्या नसेचा जुना ब्लॉकही मांडीचे स्नायू ढिले पाडतो आणि रुग्ण पडण्याची भीती असते. मॉर्फिनचा हा थेंब वेदना अडवतो, ताकदीला हात लावत नाही. पुढच्या दिवसांसाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी औषधं, बर्फ हे सगळं आहेच. छत्री फक्त पावसाळाभर उपयोगी पडते म्हणून कुणी पावसात ती मिटून ठेवत नाही. राहिला सोसण्याचा मुद्दा. प्रसूतीच्या कळांवर औषध द्यावं की नाही हा वाद स्कॉटलंडमध्ये सिम्प्सनने १८४७ साली क्लोरोफॉर्म वापरलं तेव्हाच पेटला होता. राणी व्हिक्टोरियाने १८५३ च्या बाळंतपणात तेच क्लोरोफॉर्म घेतलं आणि वादातली हवा गेली. आपल्याकडे ती अजून भरलेलीच आहे. गुडघे झिजण्याचं प्रमाण बायकांत जास्त, आणि 'सोशीक' हे विशेषणही आपण बहुतेक करून बायकांनाच लावतो. कौतुकाचा शब्द आहे खरा. पण सोशीकपणाचं कौतुक करणारा सहसा स्वतः कॉटवर झोपलेला नसतो.

शेवटची कडी नव्या जाणकारांची. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' गटाच्या गुडघेरोपणाबद्दलच्या शिफारशी ते पुढे करतात, आणि त्या शिफारशी खऱ्या आहेत : मांडीच्या आतल्या बाजूचा अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक आणि सर्जनने सांध्याभोवती भूल टोचणं, हे पहिल्या रांगेत; मणक्यातलं मॉर्फिन, १०० मायक्रोग्रॅम, केवळ हे दोन्ही शक्य नसेल तेव्हा. जिथे दोन्ही उत्तम होतात तिथे मॉर्फिनचा हट्ट धरायचं कारण नाही, एवढं मी देतो. पण 'शक्य नसेल तेव्हा' हे तीन शब्द युरोपात अपवाद असतील, आपल्या तालुक्याच्या गावी तो नियम असू शकतो. नीट ब्लॉक द्यायला सोनोग्राफी यंत्र लागतं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली असं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं आणि ते काखोटीला मारून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेता येत नाही. मुली वाचवायला हा कायदा हवाच, पण त्याची किंमत अशीही आहे. आपल्याकडे बहुतेक लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ असा बॅग घेऊन फिरतीवरच असतो. उरली सांध्याभोवतीची भूल. तिला यंत्र लागत नाही, ती जरूर द्यावी. पण संध्याकाळी दिलेली ती भूल बरेचदा पहाटेपर्यंत पुरत नाही, आणि सगळ्यांत वाईट तास तोच. ज्या भूलतज्ज्ञाकडे एक स्पायनलची सुई, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन आणि मोजायला शिकलेला हात आहे, त्याच्या रुग्णाला 'हे जुनं झालं' म्हणून काहीच न देणं, याला आधुनिकता म्हणायचं?

ज्याच्या पाठीवर जंतुसंसर्ग आहे, ज्याचं रक्त गोठत नाही, ज्याला सगळं समजावूनही नको आहे, त्याला ही सुई देऊ नये. तेवढं भूलतज्ज्ञाला कळतं. बाकीच्यांनी नकार द्यायचा तर माहितीवर द्यावा, काकूंच्या कमरेवर नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाची भेट मागा. टेबलावर आडवं झाल्यावरची ओळख ही भेट नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी, घोरणं, झोपेची गोळी, सगळं सांगा. मणक्यात काय देणार, किती मायक्रोग्रॅम देणार, ब्लॉक देणार का, आणि रात्री दोन वाजता माझे श्वास कोण मोजणार, एवढं विचारा. गुडघ्याची कंपनी नंतर विचारली तरी चालेल.